सूर्य मावळायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारची उपासना संपली की चर्चच्या मंडळीत एक वही लगेच उघडते, दानार्पणाची. मंडळीतले दोन वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, टेबलाशी बसतात, पिशवी पालथी करतात, नोटा एकीकडे, नाणी एकीकडे. मोजून झालं की दोघांच्या सह्या होतात आणि पुढच्या रविवारी सूचना वाचताना तो आकडा सगळ्यांना सांगितला जातो. त्याच कपाटात आणखी एक वही असते, पगाराची. चर्च झाडणारी बाई, रात्रीचा वॉचमन, वसतिगृहातली स्वयंपाकीण, शाळेतल्या मावशी यांची नावं त्या वहीत असतात. ती वही कधी कुणी वाचून दाखवत नाही.

आज बोलायचं आहे ते या दुसऱ्या वहीविषयी. गरिबांसाठी चर्च काय करतं असं कुणी विचारलं, की आपण पहिली वही पुढे करतो. नाताळला ब्लँकेटं दिली, पुरात शिधा दिला, इतक्या मुलांची फी भरली. हे सगळं खरं आहे आणि चांगलंच आहे. पण शास्त्र उघडून पाहिलं तर बोट पडतं ते दुसऱ्या वहीवर.

मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, गरिबाविषयी जे नियम आहेत ते बहुतेक हिशेबाचे आहेत. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितलंय की पीक कापताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत, खाली पडलेली कणसं पुन्हा वेचायची नाहीत. तो सरवा गरिबाचा आणि परक्याचा. रूथ ही परकी विधवा बवाज नावाच्या मालकाच्या शेतात गेली ती सरवा वेचायलाच. तिथे शेतमालकाने वाढायचं आणि तिने हात पसरायचा, असा प्रकार नव्हता. तो तिचा वाटा होता. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात पांघरुणाचा नियम आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षीची कर्जमाफी आहे, आणि नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव किती ठाऊक होता ते तिथे दिसतं. सातवं वर्ष जवळ आलं, आता पैसे बुडणार, असं मनात आणून गरजू भावाला नकार देऊ नकोस, हेही त्याच ठिकाणी लिहून ठेवलंय. आणि त्याच पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरीचा नियम येतो. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला असतो, असं कारणही दिलं आहे. पुढे नव्या करारात याकोब म्हणतो, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे.

तेव्हा मंडळीने आधी स्वतःच्या आवारातल्या मजुरीकडे पाहावं. हे कसं पाहायचं, ते जरा तपशिलात सांगतो.

एक मोठा कागद घ्या. आवारात जो जो काम करतो त्याचं नाव त्यावर आलं पाहिजे. पगारपत्रकात नसलेली माणसंही आली पाहिजेत, आणि नेमकी हीच सुटतात. वॉचमनला आवारात एक खोली दिलेली असते. त्याची बायको चर्च झाडते, बाकं पुसते, शनिवारी वेदीवरची फुलं बदलते. तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, कारण ‘खोली दिली आहे ना’. खोली वॉचमनला दिली आहे, ती त्याने रात्री आवारात असावं म्हणून, म्हणजे आपल्याच सोयीसाठी. बाईच्या कामाचा मोबदला त्यात फिटत नाही.

प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहा. काम कोणतं, रोजचे तास किती, आठवड्याची सुट्टी मिळते का, हातात रक्कम किती पडते, आणि कोणत्या तारखेला पडते. मग किमान वेतनाचा चालू दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून घ्या आणि शेजारी मांडा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त मूळ दर पाहणं. त्याच्यावर महागाईशी जोडलेला विशेष भत्ता असतो आणि तो महाराष्ट्रात वर्षातून दोनदा बदलतो. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी दर पाहून पगार ठरवला आणि तोच चालू राहिला, असं सर्रास आढळतं. यात कुणाची दुष्टबुद्धी नसते. वही उघडलीच गेलेली नसते, एवढंच.

वॉचमनचा हिशेब करून पाहू. समजा, आठ तासांचा रोज ५०० रुपये आहे. आकडा सोपा जावा म्हणून घेतला, तुमच्या भागातला दर वेगळा असेल. म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. हा माणूस संध्याकाळी सात ते सकाळी सात, बारा तास असतो. वरचे चार तास जादा, आणि जादा तासाला दर दुप्पट, म्हणजे १२५ रुपये. चार तासांचे ५०० झाले. दिवसाचे एक हजार, सव्वीस दिवसांचे २६ हजार. त्याच्या हातात आपण नऊ हजार ठेवतो आणि वर नाताळला एक ब्लँकेट देतो.

मंडळीकडे २६ हजार आहेत कुठे, असं कोषाध्यक्ष म्हणतील. तर हाच आकडा उलटा वाचा. आठ-आठ तासांची दोन माणसं ठेवली तर ५०० गुणिले सव्वीस गुणिले दोन, खर्च तेवढाच, २६ हजार. काम दोघांना, आणि सोळा तास राखण. तेही झेपत नसेल तर आठ तासांचाच वॉचमन ठेवावा आणि बाकीच्या वेळेला चांगलं कुलूप लावावं. आठ तासांचेही पैसे झेपत नाहीत म्हणून माणूस बारा तास त्याहूनही कमी पैशांत राबवायचा, हा पर्याय मंडळीला खुला नाही.

मिशनची शाळा, दवाखाना, वसतिगृह असेल तर त्याहून पुढचं पाहावं लागतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की भविष्यनिर्वाह निधी, दहा किंवा जास्त असली की राज्य विमा, म्हणजे ईएसआय. ईएसआय २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला मिळतो. मालकाने सव्वातीन टक्के भरायचे, कामगाराचा वाटा पाऊण टक्का. बारा हजार पगाराच्या मावशींसाठी संस्थेला महिन्याला ३९० रुपये पडतात, मावशींचे ९० कापले जातात. या ४८० रुपयांत त्यांच्या कुटुंबाच्या आजारपणाची सोय होते. ती केली नाही, तर ऑपरेशनची वेळ आली की मावशी पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, चिठ्ठी मागायला येतात आणि मंडळीत खास दान गोळा होतं. सगळ्यांना आपण फार उदार असल्यासारखं वाटतं.

ठेकेदारामार्फत माणसं घेतली म्हणून जबाबदारी सुटत नाही. बिल देण्याआधी ठेकेदाराकडून निधी आणि विमा भरल्याचं चलन मागावं, आणि सोबतच्या यादीत आपल्या आवारातल्या माणसाचं नाव आहे का ते पाहावं. चलन दाखवलं जातं, पण यादीत नावं भलत्याचीच असतात, हे फार ठिकाणी घडतं.

आता एक कडू गोष्ट. खासगी शिक्षणसंस्थांत एक रीत आहे. शिक्षिका सही करते पूर्ण पगारावर आणि हातात घेते त्यातला काही भाग. खात्यात पूर्ण रक्कम जमा झाली, तर उरलेली रोख परत आणून द्यायची. ही रीत ख्रिस्ती संस्थांच्या दारापाशी येऊन थांबते असं समजायचं कारण नाही. तिथे तर तिला एक देखणा शब्दही मिळतो, ‘सेवा’. सेवा ज्याची त्याने स्वतःहून करायची असते. दुसऱ्याच्या पगारातून कापून घेतात, तिला वेगळं नाव आहे.

शाळांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक मुद्दा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही असं ठरवलं. त्यामुळे चर्चच्या शाळांवर कायद्याची सक्ती नाही. पण कायद्याने सोडलं म्हणून शास्त्रानेही सोडलं असं होत नाही. सरव्याच्या कोपऱ्यासारख्या काही जागा आपणहून राखता येतात. त्या राखताना एवढं सांभाळावं की फी माफ झालेल्यांची यादी फलकावर लागू नये आणि वर्गात त्यांना उभं करून काही विचारू नये. आणि माफी फक्त फीची असून चालत नाही. गणवेश, बस, वह्या, स्नेहसंमेलन, सहल यांचे पैसे लावले की मूल दुसरीत जायच्या आत गळतं, आणि शाळा म्हणते, आम्ही तर जागा दिली होती.

पगार आणि फी झाली. आता कर्जाकडे येऊ, कारण गरिबाचा पैसा सगळ्यात जास्त तिथे गळतो.

जर्मनीत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझन नावाचे एक प्रॉटेस्टंट गृहस्थ गावचे प्रमुख होते. १८४६-४७ च्या दुष्काळात त्यांनी गावात समिती करून पाव भाजून गरिबांना पुरवला. पुढे सधन लोकांकडून पैसे उभे करून शेतकऱ्यांना जनावरं घेऊन द्यायची व्यवस्था केली. पण देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की काम बसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. १८६४ साली हेडेसडॉर्फला त्यांनी पतसंस्था काढली तेव्हा नियम बदलला. कर्ज ज्याला हवं त्याने सभासद व्हायचं, देणारा आणि घेणारा एकाच टेबलावर बसणार. मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातल्या या संस्था पाहायला पाठवलं, त्यांच्या अहवालात रायफायझनचीच शिफारस होती, आणि १९०४ चा आपला सहकारी पतसंस्थांचा कायदा त्याच वाटेने आला. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी वसईत कॅथॉलिक पतसंस्था उभी केली. तीच आजची बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक. एका धर्मगुरूने शंभरावर वर्षं टिकणारं काम केलं, ते भाजीवाल्या-केळीवाल्या कुटुंबांच्या स्वतःच्या बचतीवर उभं करून.

प्रत्येक मंडळीने बँक काढावी असं कुणी म्हणत नाही. उलट, मंडळीचा फंड म्हणून लोकांच्या ठेवी गोळा करायला लागू नका. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, आणि फंड बुडाला की मंडळी फुटते ती दोन पिढ्या सांधत नाही. दहा ते वीस बायकांचा बचत गट मात्र कुठल्याही मंडळीला झेपतो. महिन्याला शंभर रुपये, ठरलेल्या दिवशी बैठक, आतल्या आत कर्ज, हप्ते वेळेवर, आणि वही बैठकीतच लिहायची. सहाएक महिने नीट चालला की बँकेकडे जाता येतं.

चर्चचे गट कशाने बुडतात तेही सांगायला हवं. पाळकाच्या पत्नीला अध्यक्ष केलं जातं आणि मग हिशेब विचारणं उद्धटपणाचं वाटतं. वही एकीच्याच घरी राहते. पहिलं मोठं कर्ज अध्यक्षांच्या भावकीत जातं. हप्ता थकला तर ‘प्रार्थना करू या’ म्हणून विषय संपतो. प्रार्थना जरूर करावी, पण हप्ता का थकला, आजारपण की दारू की धंदा बसला, ते त्याच बैठकीत विचारून नवा हप्ता वहीत लिहावा. अध्यक्षपद दर वर्षी फिरावं आणि रोकड दर बैठकीला सगळ्यांसमोर मोजावी. दानार्पणाची पिशवी मोजतो तशीच.

शिवाय मंडळीत दोन-तीन जण असे हवेत की जे कर्जाचा कागद वाचून दाखवतील. ५० हजारांचं कर्ज, दोन वर्षं, व्याज बारा टक्के, असं एजंट सांगतो. बारा टक्के सपाट असेल तर पूर्ण दोन वर्षं पूर्ण ५० हजारांवर व्याज लागतं. व्याज १२ हजार, हप्ता २,५८३ रुपये. तेच बारा टक्के घटत्या शिलकेवर, म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवरच, असतील तर हप्ता साधारण २,३५४ आणि एकूण व्याज साडेसहा हजारांच्या आत. सपाट बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकेवरचे सुमारे साडेएकवीस टक्के. आणि गावात ‘दहा टक्क्यांनी’ म्हणतात तेव्हा ते महिन्याचे असतात, वर्षाचे १२०. व्याज सपाट की घटतं, आणि टक्के महिन्याचे की वर्षाचे, एवढे दोन प्रश्न मंडळीतल्या प्रत्येक बाईला पाठ असले पाहिजेत.

मराठवाड्यात आणि नगरच्या बाजूला ख्रिस्ती कुटुंबंही ऊसतोडीला जातात. कर्जाचं सगळ्यात जुनं रूप तिथे भेटतं, त्याचं नाव उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि दोघांच्या नावावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या माणसाकडून, हंगामाआधी घेतलेली रक्कम. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि माणूस स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाऊ शकत नाही. उचलीपोटी माणसाला असं अडकवून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे, पण कागद नसेल तर सिद्ध काय करणार?

म्हणून मंडळीने दसऱ्याच्या आसपास कामाला लागावं. उचल किती, टनाचा दर काय, खाडा किती, कारखाना कोणता, हे साध्या कागदावर लिहून मुकादमाची सही घ्यावी. एक प्रत कुटुंबाकडे, एक चर्चच्या कपाटात. रोजच्या खेपेच्या वजनाची पावती कुटुंबाने जपावी. दर आठवड्याला पावतीचा फोटो गावातल्या एका ठरलेल्या माणसाला पाठवला तरी हंगामाच्या शेवटचा हिशेब मुकादमाच्या एकट्याच्या वहीवर राहत नाही. कारखान्याच्या गावी रेशन मिळतं, पण रेशनकार्डाला आधार जोडलेलं नसेल तर दुकानदार परत पाठवतो, ते निघण्याआधी तपासावं. आणि मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची मागणी आई-बाप गाडीत बसायच्या आत गेलेली असावी. नंतर गेली तर मूल फडातच असतं.

दलित ख्रिस्तींचा प्रश्न वेगळ्या भाषणाचा आहे, पण तो वगळून पुढे जाता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणून सवलत नाही, आणि अत्याचार झाला तर अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाही. सरकारकडे आपण निवेदनं देतो, ती द्यावीतच. सोबत आपल्या संस्थांत नोकरीला कोण आहे आणि कोणत्या पदावर आहे, तीही यादी करावी. झाडू आणि स्वयंपाक एका बाजूच्या आडनावांकडे आणि कार्यालय दुसऱ्या बाजूच्या, असं चित्र निघालं तर निवेदनाला धार कुठून येणार?

पहिल्या मंडळीचं उदाहरण इथे कामाचं आहे. नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सहाव्या अध्यायात भांडण उभं राहिलं ते रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटा मिळत नाही, अशी तक्रार आली. प्रेषितांनी सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावं वाचा. स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. तक्रार ज्यांची होती, किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या. आपल्या गरीब निधीच्या समितीत निधीची गरज पडलेलं एक तरी माणूस असतं का?

शेवटी हंगामाच्या सणाविषयी, कारण तो बहुतेक मंडळ्यांत थाटात होतो. वेदीपुढे ऊस, भोपळे, नारळ, कोंबड्या, केक मांडले जातात, मग मांडवात लिलाव. नारळ पाचशेला जातो, टाळ्या पडतात, मजा येते. आणि पैसे बहुतेक वेळा इमारत निधीत जातात. तो सण मुळात पिकाचा आहे, आणि पीक म्हटलं की सरवा आला. तेव्हा लिलाव सुरू होण्याआधी, नंतर नव्हे, समितीने जाहीर करावं की यातला अमुक वाटा आधी पगारातली तूट भरायला जाईल. झाडणाऱ्या बाईची, वॉचमनची, आणि लहान गावातल्या पाळकाचीही, कारण त्याचा पगारही अनेकदा दोन-दोन महिने तुंबलेला असतो. लिलावात जे बोली लावू शकत नाहीत त्यांच्यासाठी भाजी-धान्याचा एक ढीग बोलीबाहेर ठेवावा, आणि तो कार्यक्रमाच्या शेवटी उरलंसुरलं म्हणून वाटू नये, सुरुवातीला बाजूला काढावा.

पगाराची तारीखही ठरवून टाकावी. कायद्याने सातव्या तारखेच्या आत द्यायचा असतो. कोषाध्यक्ष गावाला गेले, चेकवर दुसरी सही राहिली, अशी कारणं दर महिन्याला निघतात. म्हणून सही करणारे दोन ऐवजी तीन नेमावेत, त्यांतल्या कोणत्याही दोघांची चालावी. आणि पुढच्या रविवारी दानार्पणाचा आकडा वाचून झाला की त्याखालीच वाचावं, या महिन्याचे पगार अमुक तारखेला दिले, बाकी कुणाची नाही. बाकी असेल तर तेही वाचावं.

नमस्कार.